सिलिंडर आर्म मशीनला काढता-घालता येणारे सपाट टेबल: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

माझ्याकडचे मशीन ४४१ वर्गातील आहे, म्हणजे जुकी टीएससी-४४१ या मॉडेलच्या धर्तीवर बनवलेले, जाड चामड्यासाठीचे सिलिंडर आर्म मशीन. सुई, खालचे दाते आणि प्रेसर फूट (वरून माल दाबून धरणारा पाय) हे तिन्ही मिळून माल पुढे नेत असल्यामुळे पट्टे, म्याने आणि पिशव्यांच्या कडा शिवायला या मशीनला तोड नाही. मशीनच्या उभ्या खांबापासून सुईपर्यंत आर्म, म्हणजे ज्यावर माल ठेवून शिवतात तो नळीसारखा आडवा हात, सुमारे ४२० मिमी लांब आहे आणि तो खालून मोकळा असल्याने पोकळ वस्तू त्यावर सहज चढवता येते. अडचण येते ती सपाट मालाची. मोठा तुकडा आर्मच्या अरुंद पाठीवर ठेवला की तो पुढे-मागे लोंबकळतो आणि त्याचे सगळे वजन सुईपाशी ओढ देते.

ही ओढ किती असते ते टेबल बनवण्याआधी मोजून ठेवावे, म्हणजे नंतर फरक डोळ्यांनी नव्हे तर पट्टीने ठरवता येईल, असा विचार करून आज चाचणी घेतली. ६०० मिमी लांब, ४०० मिमी रुंद आणि ४ मिमी जाड चामड्याचा तुकडा घेतला, टाका ६ मिमीवर ठेवला आणि २७७ नंबरचा दोरा वापरून लांबीच्या दिशेने एक सरळ शिवण घातली. २० टाक्यांचे अंतर १२० मिमी यायला हवे. शिवणीच्या सुरुवातीला, जेव्हा जवळजवळ सगळा तुकडा माझ्या बाजूला लोंबत होता, तेव्हा ते १११ मिमी आले. मधोमध ११८ मिमी आले. शेवटी वजन मागच्या बाजूला गेल्यावर माल आपोआप ओढला जाऊन तेच अंतर १२३ मिमी झाले. एकाच शिवणीत एवढा फरक असेल तर तयार वस्तूवर तो लपत नाही. शिवाय ओढीमुळे सुई किंचित वाकते आणि निडल प्लेटच्या (सुई ज्या भोकातून खाली जाते त्या पट्टीच्या) भोकाच्या कडेला घासण्याचा धोका राहतो.

या मशीनसाठी तयार टेबले मिळतात, परंतु वेगवेगळ्या उत्पादकांच्या आर्मवरील भोकांची जागा एकसारखी नसते आणि मला टेबल दिवसातून तीन-चार वेळा काढावे-घालावे लागणार आहे. म्हणून स्वतः बनवायचे ठरवले आणि चार अटी वहीत लिहून ठेवल्या. टेबलाचा पृष्ठभाग निडल प्लेटशी समपातळीत हवा. पान्हा न लावता ते एका मिनिटात निघाले आणि बसले पाहिजे. बॉबिन आणि तेलाची भोके यांच्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. आणि आर्मला एकही नवे भोक पाडायचे नाही, कारण आर्मच्या आत शाफ्ट फिरतो आणि ओतीव लोखंडाचा चुरा तेलाबरोबर त्याच्या बुशमध्ये (ज्या धातूच्या नळीत तो टेकून फिरतो तिच्यात) गेला तर टेबलापायी मशीनच खराब होईल.

५ नोव्हेंबर

आज पुठ्ठ्याचा नमुना केला. टेबलाचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा असून त्याचे तोंड खांबाकडे आहे: टेबल डावीकडून सरकवायचे, दोन फांद्या आर्मच्या पुढून व मागून खांबापर्यंत जातात आणि बंद बाजू आर्मच्या टोकापलीकडे डावीकडे राहते. बाहेरची मापे ६०० बाय ५०० मिमी धरली. आर्म खांबाकडे रुंद होत जातो, म्हणून खाचही तोंडाशी रुंद ठेवली आहे. त्यामुळे सरकवताना ती आपोआप जागेवर येते. पुठ्ठा तीन वेळा कापावा लागला, पण पुठ्ठ्यावरच्या चुका फुकट असतात.

८ नोव्हेंबर

१८ मिमी जाडीचे प्लायवूड कापले आणि पहिली मोठी चूक केली. पुठ्ठा पातळ असल्याने तो निडल प्लेटच्या पातळीवर बरोबर बसला होता. पण आर्मचा छेद गोलसर असल्यामुळे तो प्लेटपासून खाली जाताना फुगत जातो आणि १८ मिमी खाली तो दोन्ही बाजू मिळून ९ मिमीने अधिक रुंद आहे. मी जिगसॉने खाच सरळ उभी कापली. टेबल सरकवले तर ते आर्मच्या मध्यावरच अडले आणि जोर लावताच खालची कड आर्मच्या रंगावर ओरखडा पाडून गेली. कड कानशीने घासून मोठी करण्याच्या नादात वरची फटही ५ मिमीपर्यंत रुंद झाली आणि एवढ्या फटीत पातळ चामड्याचा कोपरा नक्की घुसणार, म्हणून तो तुकडा बाद केला.

दुसऱ्या तुकड्यावर जिगसॉचे पाते तिरके करून खाच कापली, म्हणजे वरची कड प्लेटच्या दोन्ही बाजूंना १ मिमी फट ठेवून येते आणि खालची कड बाहेर कललेली राहते. आर्मच्या फुगवट्याचे माप घेण्यासाठी दात्यांचा प्रोफाइल गेज वापरला. तो नसेल तर मऊ तार आर्मवर दाबून वळवून घेतली तरी चालते. हे माप मी आधीच घेतले असते तर प्लायवूडचा एक तुकडा आणि पाच तास वाचले असते.

९ नोव्हेंबर

पृष्ठभागावर गुळगुळीत लॅमिनेट चिकटवले. चामड्याची आतली, तंतुमय बाजू नुसत्या लाकडावर अडखळत सरकते, आणि मेण लावलेल्या लाकडाचे मेण मालाला लागू शकते, म्हणून लॅमिनेटच योग्य वाटले. बाहेरच्या कडा ६ मिमी त्रिज्येने गोल केल्या, कारण कमावलेल्या कोऱ्या चामड्यावर तीक्ष्ण कडेचा वळ उमटला की तो सहसा जात नाही.

११ नोव्हेंबर

टेबल धरून ठेवण्यासाठी प्रथम चुंबक वापरून पाहिले, कारण आर्म लोखंडाचा आहे आणि त्यात काहीच आवळावे लागले नसते. स्थिर असताना पकड उत्तम वाटली. मशीन चालू करताच कंपनामुळे चुंबक आर्मच्या गोल पृष्ठभागावरून हळूहळू खाली सरकू लागले. दहा मिनिटांत टेबलाची मागची बाजू ३ मिमी खाली गेली. वर त्यांच्याभोवती लोखंडाचे बारीक कण आणि तुटलेल्या सुईचे टोक गोळा झाले. सुईचे ते टोक चामड्याखाली आले असते तर माल फाटला असता. चुंबकाचा विचार पूर्णपणे सोडला.

१३ नोव्हेंबर

या दिवसाची नोंद सविस्तर लिहितो, कारण हीच चूक इतरांच्या हातून होण्याचा संभव मला सर्वात जास्त वाटतो.

आर्मच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला, खांबाजवळ, आटे पाडलेली प्रत्येकी दोन भोके आधीपासून आहेत. त्यांत ब्रॅकेट बसवायचे आणि टेबलाची उजवी बाजू त्या ब्रॅकेटवर टेकवायची, असे ठरवले. भोकाचा व्यास जवळपास ६ मिमी भरला, म्हणून हाताशी असलेला एम६ (६ मिमी मेट्रिक) बोल्ट घेतला. तो बोटांनी दोन फेरे सहज आत गेला आणि नंतर जड झाला. भोकात रंग साचला असेल असे समजून मी पान्हा लावला. अर्धा फेरा आणखी फिरला, बारीक किरकिर ऐकू आली आणि हात थांबला. बोल्ट उलटा फिरवून काढला तेव्हा त्याच्या पहिल्या दोन आट्यांत राखाडी रंगाची पूड भरलेली होती. ती पूड म्हणजे माझ्या आर्मचे आटे होते.

मग आट्यांचा गेज लावून पाहिले, जे काम आधी करायला हवे होते. शिलाई मशीनच्या स्क्रूंची मापे बहुतेकदा नेहमीच्या मेट्रिक मापांत बसत नाहीत. माझ्या आर्मवरील भोक १५/६४ इंच व्यासाचे आणि इंचाला २८ आटे असलेले निघाले. १५/६४ इंच म्हणजे ५.९५ मिमी, त्यामुळे एम६ बोल्ट त्यात बसल्यासारखा वाटतो. पण त्याच्या आट्यांचे अंतर ०.९०७ मिमी आहे आणि एम६ चे १ मिमी. प्रत्येक फेऱ्यागणिक ०.०९ मिमीचा फरक साचत जातो, दोन फेऱ्यांनंतर आटे एकमेकांवर चढतात आणि त्यापुढे लावलेला सगळा जोर ओतीव लोखंड खरवडण्यात जातो. स्क्रू हाताने शेवटपर्यंत गेला नाही तर तो त्या भोकाचा नाही, एवढे मी त्या दिवसापासून पक्के धरले आहे.

२२ नोव्हेंबर

योग्य मापाचा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) नेहमीच्या संचात नसतो, तो वेगळा मागवावा लागला आणि त्यात नऊ दिवस गेले. आज बिघडलेले भोक दुरुस्त केले. प्रथम तार घालून खोली पाहिली. १२ मिमीवर तळ लागला, म्हणजे भोक आरपार नाही आणि चुरा आत शाफ्टकडे जाण्याचा मार्ग नाही. तरीही टॅपच्या खोबणीत ग्रीस भरले, जेणेकरून चुरा त्यालाच चिकटून बाहेर यावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करत टॅप तळापर्यंत नेला, बाहेर काढून पुसला, पुन्हा ग्रीस भरून आणखी एकदा फिरवला. दोनदा केल्यानंतर ग्रीस स्वच्छ निघू लागले. पहिले दोन आटे कमकुवत झालेच आहेत, पण त्याखालचे शाबूत असून योग्य स्क्रू हाताने तळापर्यंत जातो. स्क्रूची आतली लांबी १० मिमीच ठेवली आहे. भोक आरपार असते तर लांब स्क्रूचे टोक आत फिरणाऱ्या भागावर टेकले असते, म्हणून ही खोली प्रत्येकाने स्वतः मोजावी.

वाट पाहण्याच्या काळात आणखी एक दोष उघड झाला. टेबल भिंतीला टेकवून ठेवले होते; आज त्यावर सरळ पट्टी धरली तर मधोमध १.२ मिमीचा उजेड दिसला. लॅमिनेट मी एकाच बाजूला लावले होते. त्यामुळे लाकडाची एक बाजू हवेतील ओलावा घेते, दुसरी घेत नाही, आणि फळी वाकते. खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचे लॅमिनेट लावले, दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवले. (नंतरची भर: तीन दिवसांनी बाक ०.३ मिमीवर आला.) उघड्या कडांना वार्निशचे तीन हात दिले. हे फक्त ओलाव्यासाठी नाही, तर आर्मवरून ओघळणारे तेल प्लायवूडच्या कडेत मुरून पुढे मालाला लागू नये यासाठीही आहे.

२६ नोव्हेंबर

४० बाय ४० मिमी, ५ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम कोनाचे दोन ब्रॅकेट कापले, एक पुढे आणि एक मागे. आर्मकडील भोके उभी लांबट केली, म्हणजे उंची वर-खाली करता येते. ब्रॅकेट कायम आर्मवरच राहतील. ते खांबाला लागून ७० मिमीच्या आत असल्यामुळे पोकळ वस्तू शिवताना आड येत नाहीत. डाव्या बाजूला मुख्य टेबलावर टेकणारे दोन लाकडी पाय दिले.

पहिल्यांदा बसवून पाहिले आणि टेबल डुगडुगले. दोन ब्रॅकेट आणि दोन पाय असे चार आधार होते. एक पाय टेकवला की दुसरा उचलला जाई, तो आवळून खाली आणला की फळी पिळवटे आणि निडल प्लेटजवळची पातळी बिघडे. संपूर्ण संध्याकाळ पाय कमी-जास्त करण्यात गेली.

२७ नोव्हेंबर

सकाळी दोन्ही पाय काढून टाकले आणि डाव्या कडेच्या मधोमध एकच पाय दिला. तीन आधारांवर ठेवलेली वस्तू डुगडुगूच शकत नाही, आणि एका आधाराची उंची बदलली तरी फळीला पीळ पडत नाही. कालची संध्याकाळ वाया गेली, पण आजचे काम वीस मिनिटांत झाले. पायाच्या तळाशी एम१० बोल्ट बसवून उंची जुळवण्याची सोय केली. त्याखाली ६ मिमीचा मऊ रबर लावला होता. जड तुकडा ठेवताच तो दबून टेबल अर्धा मिमी खाली गेले, म्हणून रबराऐवजी तळव्याच्या कडक चामड्याची ३ मिमी चकती लावली. ती आवाजही घेते आणि दबत नाही.

३० नोव्हेंबर

आज पातळी जुळवली. मशीन बंद करून, सुई वर ठेवून, चाक हाताने फिरवून दाते प्लेटखाली नेले. दाते वर असताना पट्टी धरली तर माप चुकते. मग ३०० मिमीची पोलादी पट्टी प्लेटवरून टेबलावर आडवी धरून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या संचाने) फट मोजली.

‘समपातळी’ हा शब्द मी पहिल्या दिवशी वहीत लिहिला होता, पण प्रत्यक्षात तो पुरेसा नाही. माल माझ्याकडून मागे सरकतो. पुढच्या बाजूला टेबल प्लेटपेक्षा ०.२ मिमी खाली असेल तर चामडे प्लेटवर अलगद चढते. मागच्या बाजूला मात्र टेबल केसभर जरी वर असेल तर चामड्याची पुढची कड त्या उंबरठ्यावर आपटते. मी प्रथम दोन्ही बाजू शून्यावर आणल्या होत्या. कंपनाने की फळीच्या बाकाने, मागची कड ०.३ मिमी वर आली आणि चाचणीच्या शिवणीत पहिले चार टाके एकमेकांवर चढून ३ मिमीचे झाले. आता पुढची बाजू ०.२ आणि मागची बाजू ०.३ मिमी खाली ठेवली आहे. बोटाने चाचपले तर ही पायरी जेमतेम लागते, मालाला ती लागतच नाही.

हे सर्व फक्त सपाट निडल प्लेटसाठी खरे आहे. म्यानासाठीची उंच प्लेट लावली असेल तर हे टेबल निरुपयोगी ठरते आणि ते काढूनच काम करावे.

३ डिसेंबर

टेबल दोन दिवस वापरले आणि मूळ आराखड्यातला सर्वात गंभीर दोष दिसला. ब्रॅकेटवर टेबल खालून, हाताने फिरवायचा नॉब असलेल्या बोल्टने आवळले जात होते आणि टेबलातील भोके सैल होती. प्रत्येक वेळी बसवताना टेबल एखादा मिमी इकडे-तिकडे बसे, त्याबरोबर प्लेटभोवतीची फट एका बाजूला मिटे आणि नॉब किती आवळला यावर उंचीही बदले. काल तीनदा टेबल काढले-घातले आणि तिन्ही वेळा पातळी नव्याने जुळवावी लागली. एकदा तर त्यात चाळीस मिनिटे गेली. असे टेबल काढता-घालता येते असे म्हणता येणार नाही.

चूक अशी होती की जागा ठरवण्याचे आणि धरून ठेवण्याचे, ही दोन्ही कामे मी एकाच बोल्टवर टाकली होती. ती वेगळी करायला हवीत.

६ डिसेंबर

प्रत्येक ब्रॅकेटच्या आडव्या अंगात ८ मिमी व्यासाची पोलादी पिन उभी बसवली; ती १० मिमी वर येते. टेबलाच्या खालच्या बाजूला पितळी बुश बसवले. आता टेबल थोडे उचलून सरकवायचे आणि पिनांवर खाली सोडायचे. खाच खालून रुंद असल्यामुळे टेबल १० मिमी वर धरून सरकवताना आर्मला घासत नाही, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या तिरक्या कापाचा इथे दुसऱ्यांदा उपयोग झाला.

उंचीसाठी प्रत्येक ब्रॅकेटमध्ये पिनेशेजारी सपाट डोक्याचा एक एम६ स्क्रू डोके वर ठेवून बसवला आणि त्याला लॉक नट दिला. टेबल टेकते ते या दोन स्क्रूंच्या डोक्यांवर आणि डाव्या पायावर. त्यांच्यावर एकदा पातळी जुळवली की नॉब कितीही आवळला तरी उंची बदलत नाही, कारण नॉब आता टेबलाला फक्त त्या डोक्यांवर दाबून धरतो. लाकडावर डोके रुतू नये म्हणून टेबलाखाली तेवढ्या जागी पितळेची चकती बसवली.

८ डिसेंबर

दोन दिवस ओलसर हवा होती आणि आज टेबल मागच्या पिनेवर बसेना. ठोकून बसवावे लागले आणि काढताना दोन्ही हातांनी झटका द्यावा लागला. दोन्ही बुश गोल असल्यामुळे त्यांच्यातील अंतर पिनांच्या अंतराशी तंतोतंत जुळावे लागते, आणि लाकूड तेवढे स्थिर राहत नाही. मागचा बुश काढून तिथे पितळेची पट्टी लावली आणि तिच्यात पिनांच्या रेषेत लांबट भोक कोरले. पुढची गोल पिन जागा ठरवते, मागची फक्त टेबलाला फिरू देत नाही. त्यानंतर ते पुन्हा अडकले नाही.

१० डिसेंबर

बॉबिनची सोय. या मशीनमध्ये बॉबिन आर्मच्या डाव्या टोकाला असते, म्हणजे टेबलाची बंद बाजू नेमकी तिच्या आड येते. ७० मिमी रुंदीची खिडकी कापली तर बॉबिन दिसते, पण बोटांनी शटलची (बॉबिन ज्यात बसते त्या भागाची) कडी उघडता येत नाही. ती ११० बाय ९० मिमी केल्यावर हात नीट गेला. झाकणाला प्रथम बिजागरी लावली होती. तिचा कणा पृष्ठभागावर ०.६ मिमी वर राहत होता आणि मोठा तुकडा त्यावर अडखळे, म्हणून बिजागरी काढून झाकण सुटेच ठेवले. ते खिडकीच्या आत कोरलेल्या पायरीवर बसते आणि पायरीवर १ मिमी चामड्याची पट्टी चिकटवली असल्याने ते खडखडत नाही. उचलण्यासाठी २० मिमीचे गोल भोक ठेवले आहे. मशीन चालू असताना त्यात बोट घालण्याचे कारण नाही.

१४ डिसेंबर

आज एक तुकडा हातचा गेला. झाडसालीच्या टॅनिनने कमावलेल्या चामड्याचा ओला केलेला तुकडा रात्रभर टेबलावर राहिला आणि सकाळी त्याच्या खालच्या बाजूला दोन निळसर काळे डाग होते, बरोबर त्या ठिकाणी जिथे डाव्या पायाचे दोन पोलादी स्क्रू वरून बसवलेले होते. ओल्या चामड्यातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असा काळा डाग पडतो. हे मला ठाऊक होते आणि तरीही टेबल बनवताना सुचले नाही. ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण हातमोजे घालून लावल्यावर डाग फिके झाले, पण पूर्ण गेले नाहीत. पाय आता खालून स्क्रू लावून बसवला आहे आणि वरची दोन भोके लाकडी खुंट्या व लॅमिनेटच्या भरणीने बुजवली आहेत. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागावर आता कुठेही लोखंड नाही.

१७ डिसेंबर

पहिल्या दिवसाची चाचणी त्याच मापाच्या तुकड्यावर, त्याच दोऱ्याने आणि टाक्याच्या त्याच मापावर पुन्हा घेतली. २० टाक्यांचे अंतर सुरुवातीला ११९.५, मध्यावर १२० आणि शेवटी १२० मिमी आले. शिवताना जाणवलेला फरक मात्र आकड्यांत पूर्ण येत नाही: पूर्वी दोन्ही हात माल तोलण्यात गुंतलेले असत, आता एक हात फक्त दिशा देतो आणि दुसरा मोकळा राहतो. वळणावर सुई खाली ठेवून तुकडा फिरवताना तो टेबलावर सरकत फिरतो, सुईभोवती लटकत नाही.

बसवायला ४० सेकंद आणि काढायला २५ सेकंद लागतात. टेबलाचे वजन पायासह पावणेचार किलो आहे. प्रत्यक्ष हातकामाचे एकूण ४६ तास झाले. त्यांतले १४ तास बाद झालेला पहिला तुकडा, चुंबक, चार आधारांची संध्याकाळ आणि पातळी पुन्हापुन्हा जुळवणे यांत गेले. टॅपसाठी थांबलेले नऊ दिवस यात धरलेले नाहीत. वाया गेलेले साहित्य म्हणजे प्लायवूडचा एक तुकडा, चार चुंबक, एक बिजागरी आणि डाग पडलेले चामडे.

२८ डिसेंबर

अकरा दिवसांच्या वापरानंतर तपासणी केली. पुढचा नॉब मध्यम वेगाला कंपनाने सैल होत होता. त्याखाली स्प्रिंग वॉशर दिल्यावर तो थांबला. मागच्या बाजूची पातळी ०.३ वरून ०.२५ मिमीवर आली आहे, जी चालण्यासारखी आहे, पण महिन्याभराने पुन्हा मोजणार आहे. आर्मवरील ब्रॅकेट सरकले तर ते लगेच दिसावे म्हणून त्यांच्या वरच्या कडेशी आर्मच्या रंगावर बारीक रेघ ओढून ठेवली आहे. आज दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या.

तेलाची भोके आर्मच्या पाठीवर खाचेतच मोकळी राहतात, फक्त खांबाजवळच्या एका भोकापर्यंत तेलाचे टोक सरळ पोहोचत नाही. तिथे टेबलाच्या मागच्या फांदीची आतली कड १२ मिमी आत कोरली. यामुळे त्या ठिकाणी फट रुंद झाली आहे, पण ती सुईपासून ३५० मिमी दूर असल्याने आतापर्यंत त्यात माल अडकलेला नाही. काढलेले टेबल यापुढे भिंतीला तिरके टेकवायचे नाही, तर डाव्या कडेतील दोन भोकांतून दोन खुंट्यांवर सरळ टांगायचे; त्या खुंट्या आजच बसवल्या.